नदीचे प्रदूषण माशाच्या जनुकांवरून कसे ओळखावे : पिंजऱ्यापासून निष्कर्षापर्यंत

कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागात केवळ संशोधनासाठी राखून ठेवलेली लहान तळी आहेत. त्यांपैकी २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ पासून सलग तीन उन्हाळे एथिनिलइस्ट्राडायोल हे गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक मुद्दाम सोडण्यात आले. पाण्यातील त्याचे प्रमाण लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पाच-सहा पट इतकेच होते. एवढ्याने पाण्याचा रंग, वास, सामू किंवा विरघळलेला प्राणवायू बदलत नाही. तरीही त्या तळ्यातील फॅटहेड मिनो या लहान माशाच्या नरांच्या शरीरात व्हायटेलोजेनिन हे अंड्यातील बलकाचे प्रथिन आणि ते तयार करण्याचा संदेश वाहून नेणारा आरएनए, दोन्ही दिसू लागले. नरांच्या वृषणांत बिघाड झाला आणि अखेर ती जात त्या तळ्यातून जवळजवळ नाहीशी झाली. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याकडील पाणी तपासणीच्या नेहमीच्या अहवालात सामू, विरघळलेला प्राणवायू, बीओडी व सीओडी (पाण्यातील घाणीचे जैविक व रासायनिक विघटन होण्यास लागणारा प्राणवायू) आणि जिवाणूंची संख्या असते. ही मापे आवश्यकच आहेत, परंतु वरील प्रकारचे प्रदूषण त्यांच्या जाळीतून सहज निसटते. रासायनिक विश्लेषण करायचे, तर काय शोधायचे हे आधी ठाऊक असावे लागते. माशाच्या पेशींना मात्र तशी यादी लागत नाही, कारण शरीरात शिरलेल्या पदार्थाला तोंड देण्यासाठी त्या ठरावीक जनुके सक्रिय करतात आणि ती सक्रियता आपल्याला मोजता येते. हा लेख प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, तसेच रिअल-टाइम पीसीआर यंत्र (जनुकाच्या प्रती वाढवत असतानाच त्या मोजणारे) उपलब्ध असलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांसाठी लिहिला आहे. यंत्र चालवणे हा या कामातला सोपा भाग आहे; तुलना नीट मांडणे हा अवघड भाग आहे, आणि म्हणून पुढील विवेचनात त्यालाच अधिक जागा दिली आहे.

पहिली पायरी : प्रश्न ठरवा, मग जनुक निवडा

‘पाणी प्रदूषित आहे का?’ हा प्रश्न मोजमापाच्या दृष्टीने फार मोघम आहे. ‘या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात इस्ट्रोजेनसारखे काम करणारे पदार्थ आहेत का?’ असा नेमका प्रश्न घेतला, तर त्यासाठी कोणते जनुक मोजावे हे आपोआप ठरते.

व्हायटेलोजेनिनचे जनुक मादीच्या यकृतात इस्ट्रोजेनच्या संकेतावर सक्रिय होते. नरातही हे जनुक असतेच, पण तेथे ते जवळजवळ झोपलेले असते. म्हणून नराच्या किंवा अपरिपक्व पिल्लाच्या यकृतात ते जागे झालेले आढळले, तर बाहेरून इस्ट्रोजेनी संकेत आला असे समजण्यास सबळ आधार मिळतो. हा संकेत मानवी मूत्रातील नैसर्गिक संप्रेरकांमुळे, गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरकामुळे किंवा औद्योगिक धुलाईच्या रसायनांपासून बनणाऱ्या नॉनिलफिनॉलसारख्या पदार्थांमुळे येऊ शकतो.

तेल, कोळसा, डांबर आणि अपुरे ज्वलन यांतून येणारी बहुचक्रीय हायड्रोकार्बने, तसेच डायऑक्सिन आणि पीसीबी या क्लोरीनयुक्त विषारी रसायनांसाठी सीवायपी१ए हे जनुक पाहावे. हे पदार्थ पेशीतील एएचआर या ग्राहीला (संकेत पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतात आणि ती ग्राही केंद्रकात जाऊन सीवायपी१ए चालू करते. कॅडमियम, तांबे, जस्त आणि पारा या धातूंसाठी मेटॅलोथायोनिनचे जनुक घ्यावे, कारण त्याचे प्रथिन धातूंचे आयन बांधून ठेवते.

एचएसपी७० या ताणाच्या जनुकाचा उल्लेख पुष्कळ ठिकाणी आढळतो, पण मी ते एकट्याने वापरू नये असे आग्रहाने सांगेन. ते उष्णतेने वाढते, हाताळणीने वाढते आणि प्राणवायूच्या कमतरतेनेही वाढते. त्यामुळे त्यावरून प्रदूषकाचे नाव काढणे शक्य होत नाही. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या बाबतीत तर जनुकाची सक्रियता हे योग्य मापच नव्हे. ती विषे ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकरालाच निकामी करतात, म्हणून तेथे माशाच्या मेंदूतील विकराची क्रिया मोजावी.

दुसरी पायरी : मासा निवडा

झेब्रा मासा हा मूळचा आपल्याच उपखंडातला. १८२२ मध्ये हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांच्या वर्णनात त्याची शास्त्रीय नोंद केली, आणि २०१३ मध्ये त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. त्याची जनुके चांगली ओळखीची असल्यामुळे प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासण्यासाठी तो सोयीचा पडतो. नदीत पिंजरा लावायचा असेल, तर मात्र मी रोहूची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) सुचवेन. ती मत्स्यबीज केंद्रातून एकाच वयाची आणि एकाच तुकडीतली मिळते. शिवाय ती लैंगिकदृष्ट्या अपरिपक्व असल्याने नर-मादीचा घोळ बराच टळतो.

नदीतलेच मासे पकडून तपासावेत असा मोह होतो, कारण ते खरोखर त्या पाण्यात वाढलेले असतात. परंतु तो मासा काल कोठे होता हे आपल्याला ठाऊक नसते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील न्यू बेडफर्ड बंदर, एलिझाबेथ नदी यांसारख्या अतिप्रदूषित ठिकाणी राहणाऱ्या किलिफिश माशांच्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीमुळे त्या विषांना सरावल्या आहेत आणि त्यांच्यात सीवायपी१ए नीट जागेच होत नाही. अशा माशाचे जनुक शांत दिसले म्हणून पाणी स्वच्छ आहे असा अर्थ काढला, तर निष्कर्ष नेमका उलटा निघेल. स्वच्छ ठिकाणी वाढलेला मासा पिंजऱ्यात घालून नेण्यामागचे मोठे कारण हेच आहे.

मासे हे पृष्ठवंशी प्राणी आहेत. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी-नीती समितीची लेखी मंजुरी घ्यावी, आणि पिंजरे लावण्यासाठी त्या जलाशयावर ज्या विभागाचा अधिकार असेल त्याचीही परवानगी मिळवावी.

तिसरी पायरी : तुलनेची मांडणी

सांडपाणी जेथे नदीला मिळते त्याच्या वरच्या बाजूला एक ठिकाण, मिसळण पूर्ण झाल्यावर खालच्या बाजूला एक आणि शक्य असल्यास त्याहून बरेच खाली आणखी एक, अशी किमान रचना असावी. वरचे ठिकाण निवडताना तेथे दुसऱ्या गावाचा नाला येऊन मिळत नाही ना, हे काठाने चालत जाऊन प्रत्यक्ष पाहावे. याखेरीज दोन गट हमखास हवेत. पहिल्या गटातील मासे पिंजरे लावण्याच्या दिवशीच नमुन्यासाठी घ्यावेत, म्हणजे सुरुवातीची पातळी कळते. दुसऱ्या गटाचा प्रवास आणि हाताळणी बाकीच्यांप्रमाणेच व्हावी, पण त्याला शेवटपर्यंत प्रयोगशाळेच्या स्वच्छ टाकीत ठेवावे. हा दुसरा गट नसेल, तर दिसलेला फरक नदीमुळे पडला की टेम्पोतल्या धक्क्यांमुळे, हे सांगता येणार नाही.

येथे एक चूक फार वेळा होते. एका पिंजऱ्यात २० मासे ठेवून ‘आमच्याकडे २० नमुने आहेत’ असे म्हटले जाते. ते सर्व मासे एकच पाणी, एकच कोपरा आणि एकच गर्दी अनुभवतात, त्यामुळे संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते स्वतंत्र नसतात. २४ मासे असतील तर एका ठिकाणी एका पिंजऱ्याऐवजी ८-८ माशांचे ३ पिंजरे, एकमेकांपासून काही अंतरावर लावावेत.

मासे आधी निदान दोन आठवडे टाकीत रुळू द्यावेत. पिंजऱ्यातला काळ जनुकानुसार ठरतो. सीवायपी१ए एक-दोन दिवसांत प्रतिसाद देते आणि मेटॅलोथायोनिनला काही दिवस पुरतात. व्हायटेलोजेनिनचा संदेश प्रयोगशाळेतील तीव्र मात्रेने लवकर दिसतो, तरी नदीतील अल्प प्रमाणासाठी १४ ते २१ दिवस द्यावेत. नदीच्या काही पट्ट्यांत प्राणवायू इतका कमी असतो की पिंजऱ्यातला मासा तासाभरात पोट उलटे करतो. अशा ठिकाणी पिंजरा लावूच नये. तेथील पाणी गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत थंड ठेवून आणावे, त्याचे १०, २५ आणि ५० टक्के असे सौम्य द्रावण करावे, हवेचा पुरवठा चालू ठेवून त्यात मासे ठेवावेत आणि पाणी रोज बदलावे. प्लास्टिकची बाटली टाळावी, कारण संप्रेरकांसारखे पदार्थ तिच्या भिंतीला चिकटून राहू शकतात.

पाण्याचे तापमान, प्राणवायू, सामू, विद्युतवाहकता, कठीणपणा आणि अमोनिया यांची नोंद प्रत्येक ठिकाणी व्हायलाच हवी. हे केवळ औपचारिकता म्हणून करायचे काम नव्हे. प्राणवायू कमी झाल्यावर पेशीत जी यंत्रणा चालू होते, तिला आणि एएचआरला एकच जोडीदार प्रथिन लागते. त्यामुळे प्राणवायूची टंचाई सीवायपी१एच्या प्रतिसादात ढवळाढवळ करू शकते. कठीण पाण्यात धातूंचा माशातील शिरकाव कमी होतो. ही आकडेवारी हाताशी नसेल, तर पुढे जनुकांचे आकडे कशाशी जोडायचे हे कळत नाही.

चौथी पायरी : नमुना घेणे

सर्व ठिकाणचे नमुने दिवसाच्या एकाच सुमारास घ्यावेत, कारण अनेक जनुकांची सक्रियता दिवस-रात्रीच्या चक्राने वर-खाली होते. आदल्या दिवशीपासून खाद्य बंद ठेवावे. मासे लवंग तेलाच्या किंवा एमएस-२२२ या भुलीच्या औषधाच्या द्रावणात पूर्ण बेशुद्ध करावेत. लवंग तेल पाण्यात सरळ मिसळत नाही, म्हणून ते आधी इथेनॉलमध्ये विरघळवावे. एमएस-२२२ पाणी आम्ल करते, म्हणून त्यात खाण्याचा सोडा घालून सामू सावरून घ्यावा. माशाला वेदना होऊ नये हे आपले कर्तव्य आहेच, शिवाय तडफडलेल्या माशाची ताणाची जनुके वाढतात आणि मापनही बिघडते.

लांबी आणि वजन नोंदवून ताबडतोब यकृत काढावे. धातूंसाठी कल्ले आणि मूत्रपिंड, तर हायड्रोकार्बनांसाठी यकृताबरोबर कल्लेही घ्यावेत. आरएनए हा रेणू अत्यंत नाजूक आहे, कारण ऊतीतली आणि आपल्या त्वचेवरची विकरे तो झपाट्याने तोडतात. हातमोजे, स्वच्छ केलेली चिमटी-कात्री आणि प्रत्येक माशासाठी नवे पाते, हे सर्व काटेकोरपणे पाळावे. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ तुकडा पाच ते दहा पट आकारमानाच्या आरएनएलेटर द्रावणात बुडवावा. त्यात तो २५ अंश सेल्सिअसला आठवडाभर आणि ४ अंशांना महिनाभर टिकतो. द्रव नायट्रोजन नदीकाठी नेणे जमत नाही अशा प्रयोगशाळांना हे द्रावण मोठाच आधार देते. त्यानंतर नमुने उणे ८० अंशांत ठेवावेत. प्रत्येक यकृताचे दोन भाग करून दोन वेगळ्या नळ्यांत ठेवणे ही सवय लावून घ्यावी.

पिंजऱ्यातले उरलेले मासे नदीत सोडू नयेत आणि खाण्यासाठीही कोणाला देऊ नयेत.

पाचवी पायरी : आरएनए ते डीएनए-प्रत

ऊतीतून आरएनए वेगळा काढण्यासाठी ट्रायझॉल पद्धत वापरत असाल, तर १ मिलिलिटर द्रावणास ५० ते १०० मिलिग्रॅम ऊती या प्रमाणापलीकडे जाऊ नये; यकृत ‘जरा जास्त’ घातले की आरएनए अशुद्ध येतो. पुढे क्लोरोफॉर्म, आयसोप्रोपेनॉल आणि ७५ टक्के इथेनॉल हा क्रम उत्पादकाच्या पत्रकात दिलेला असतो. फिनॉल आणि क्लोरोफॉर्मचे काम धूरकोठीतच करावे आणि त्यांचा कचरा वेगळ्या बाटलीत साठवून घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावा. तो बेसिनात ओतणे म्हणजे जी नदी तपासायची तिच्यातच विष सोडणे होय.

२६० आणि २८० नॅनोमीटरवरील शोषणाचे गुणोत्तर २ च्या आसपास असावे. तेवढ्यावर न थांबता आरएनए जेलवर चालवून २८एस आणि १८एस या रायबोसोमच्या आरएनएच्या दोन्ही पट्ट्या ठळक दिसतात का, हे पाहावे, कारण तुटलेला आरएनएसुद्धा शोषणाच्या मापात उत्तम दिसतो. त्यानंतर डीएनेज विकराने उरलेला डीएनए काढावा आणि सर्व नमुन्यांतून आरएनएची समान मात्रा घेऊन उलट-प्रतिलेखन (आरएनएवरून डीएनएची प्रत बनवणे) करावे. प्रत्येक तुकडीत एक नमुना उलट-प्रतिलेखन विकराविना चालवावा. त्यातही संकेत आला, तर जनुकीय डीएनए शिल्लक आहे असे समजावे.

सहावी पायरी : रिअल-टाइम पीसीआर

प्रायमरसाठी (हवे ते जनुक पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांसाठी) त्या जातीच्या जनुकाचा क्रम एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या खुल्या संग्रहातून घ्यावा. अस्थिमत्स्यांच्या पूर्वजांत संपूर्ण जनुकसंच एकदा जादा दुप्पट झाला होता. परिणामी अनेक जनुकांच्या भावंड-प्रती आढळतात. व्हायटेलोजेनिनच्या तर झेब्रा माशात अनेक प्रती आहेत. प्रायमर नेमकी कोणती प्रत पकडतो, हे आधीच पडताळून घ्यावे. डीएनए-प्रतीचे क्रमाने दसपट सौम्य नमुने चालवून कार्यक्षमता काढावी. ती ९० ते ११० टक्के असावी, म्हणजेच आलेखाचा उतार साधारण उणे ३.६ ते उणे ३.१ या दरम्यान पडतो. वितळण-वक्रात एकच शिखर दिसावे. प्रत्येक नमुना तीनदा आणि त्याबरोबर साचाविरहित (डीएनए-प्रत न घातलेले) नियंत्रण, हे नियम सर्वांना माहीत असतात.

जे माहीत असूनही टाळले जाते, ते संदर्भ जनुकाची परीक्षा. माशात काहीही झाले तरी ज्याची सक्रियता बदलत नाही असे जनुक आपण पट्टी म्हणून वापरतो, आणि बहुतेक जण सवयीने बीटा-ॲक्टिन घेतात. प्रदूषकाने ॲक्टिनच बदलले, तर पट्टीच ताणली गेली आणि तिने मोजलेले सर्व चुकले. ईएफ१-अल्फा, आरपीएल८, १८एस यांसारखी चार-पाच जनुके स्वच्छ आणि प्रदूषित अशा दोन्ही गटांत चालवून पाहावीत, त्यांतली सर्वांत स्थिर दोन किंवा तीन निवडावीत आणि त्यांची सरासरी वापरावी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआयक्यूई या रिअल-टाइम पीसीआरविषयीच्या मार्गदर्शक सूचनांचाही हाच आग्रह आहे. या एका परीक्षेला चार दिवस अधिक लागतात, आणि माझ्या मते सबंध कामातले ते सर्वांत सत्कारणी लागलेले चार दिवस ठरतात.

गणित २००१ मध्ये लिव्हाक आणि श्मिटगेन यांनी मांडलेल्या पद्धतीने करता येते. संकेत ठरावीक उंची गाठायला जितकी आवर्तने लागतात, त्या संख्येला सीटी म्हणतात. ती जितकी कमी, तितका मूळ संदेश जास्त. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. वरच्या ठिकाणी व्हायटेलोजेनिनचा सीटी ३०.० आणि संदर्भाचा १८.० असेल, तर फरक १२.० येतो. खालच्या ठिकाणी ते २५.५ आणि १८.५ असतील, तर फरक ७.० येतो. दोन फरकांतील अंतर उणे ५, म्हणून सक्रियता २ चा पाचवा घात, म्हणजे ३२ पट वाढली. दोन्ही प्रायमरांची कार्यक्षमता जवळजवळ सारखी असेल तरच हे सूत्र लागू पडते. संख्याशास्त्रीय चाचणी मात्र ‘पटी’वर करू नये, सीटीच्या फरकावर करावी, आणि पिंजरा हा घटक तिच्यात अवश्य धरावा.

सातवी पायरी : अर्थ लावणे

सीवायपी१ए दहा पट वाढले म्हणजे मासा आजारी आहे असे सिद्ध होत नाही, कारण विष निकामी करून बाहेर टाकण्याची ती शरीराची नेहमीची तजवीज आहे. त्यावरून एवढेच कळते की संबंधित गटातील पदार्थ माशाच्या पेशीपर्यंत पोहोचला. हेही कमी नाही. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या समुद्रातील तेल-मंचाच्या दुर्घटनेतील तेल पसरल्यानंतर लुइझियानातील खाऱ्या पाण्याच्या गवताळ दलदलीत राहणाऱ्या किलिफिशची तपासणी झाली. ऑगस्टपर्यंत पाण्यात आणि ऊतींत हायड्रोकार्बनांचे प्रमाण अत्यल्प उरले होते, तरीही तेल पोहोचलेल्या जागेच्या माशांत जनुकांची सक्रियता बदललेली होती आणि कल्ल्यांत सीवायपी१ए प्रथिन वाढलेले होते. रसायनशास्त्राच्या मापात जे जवळजवळ संपले होते, त्याची खूण माशाच्या शरीरात शिल्लक होती.

संदेशवाहक आरएनए आणि प्रथिन यांच्या कालमर्यादा वेगळ्या आहेत. नर माशाचा इस्ट्रोजेनी पदार्थाशी संपर्क तुटला की व्हायटेलोजेनिनचा संदेश काही दिवसांत ओसरतो, पण रक्तातले प्रथिन कित्येक आठवडे राहते. संदेश शून्य आणि प्रथिन भरपूर असे चित्र आले, तर विसर्ग अलीकडेच थांबला असावा. दोन्ही वाढलेले असतील, तर तो चालू आहे. पावसाळ्यात सांडपाणी पुराच्या पाण्याने पातळ होते आणि मार्च ते मे या काळात महाराष्ट्रातील कित्येक नद्यांच्या पात्रात सांडपाण्याचाच वाटा मोठा असतो, म्हणून एका ऋतूतील निकालावरून वर्षाचे अनुमान काढू नये.

मेटॅलोथायोनिन वाढले की बोट लगेच कारखान्याकडे वळते. तेथे थांबून खाद्यातील जस्त, ताणाची संप्रेरके आणि तापमान यांचा हिशेब आधी करावा, आणि त्याच माशाच्या ऊतीत धातूंचे प्रत्यक्ष मापन करून मगच बोलावे. कोणाच्या तरी उपजीविकेवर आणि कोणाच्या तरी आरोग्यावर या निष्कर्षाचा परिणाम होणार असतो, म्हणून घाई दोन्ही बाजूंनी अन्यायकारक ठरते.

जनुकांची खूण मिळाल्यावर पदार्थाचे नाव शोधण्याचे काम रसायनतज्ज्ञाकडे सोपवावे. पाण्यातील सेंद्रिय पदार्थ घन-शोषक स्तंभावर धरून त्यांचे भाग पाडावेत, प्रत्येक भागात झेब्रा मासे ठेवून कोणत्या भागाने जनुक जागे होते ते पाहावे आणि तेवढाच भाग वर्णपटमापनासाठी पाठवावा. इंग्लंडमध्ये १९८० आणि १९९० च्या दशकांत सांडपाणी केंद्रांच्या खालच्या बाजूला पिंजऱ्यांत ठेवलेल्या नर रेनबो ट्राउटच्या रक्तात व्हायटेलोजेनिन आढळले, तेव्हा बहुतेक ठिकाणी मानवी संप्रेरके कारणीभूत ठरली. यॉर्कशरमधील एअर नदीवर मात्र लोकर धुण्याच्या उद्योगातून येणारी अल्किलफिनॉल वर्गातील रसायने हे मोठे कारण निघाले. त्यांचा वापर घटवल्यावर त्याच नदीत पुन्हा ठेवलेल्या ट्राउटमधील व्हायटेलोजेनिनही कमी झाले. माशाने दिलेल्या इशाऱ्यावरून कारण शोधले गेले आणि उपायाचा परिणामही माशानेच दाखवला. तुमच्या कामाची आखणी करताना हा नमुना डोळ्यांपुढे ठेवावा.

अहवालात प्रत्येक पिंजऱ्याचे आकडे स्वतंत्र द्यावेत, मेलेल्या माशांची संख्या लपवू नये, संदर्भ जनुके कशी निवडली ते लिहावे आणि पाण्याची भौतिक-रासायनिक मापे त्याच तक्त्यात ठेवावीत. यकृताची दुसरी नळी उणे ८० अंशांतून काढू नये. निकालाला कोणी आव्हान दिले, तर त्याच माशाचा तोच नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवता आला पाहिजे.